आधी फॅमिली डॉक्टर, मग स्पेशालिस्ट: नवीन देशात आलेल्यांनी काय काय करायचं

ज्या देशांत आधी फॅमिली डॉक्टर आणि मगच स्पेशालिस्ट असा नियम आहे तिथे नव्याने आलेला माणूस पहिल्या काही महिन्यांत एकदा तरी वैतागतोच. कान दुखतोय म्हणून थेट कानाच्या डॉक्टरकडे फोन लावला तर पलीकडून पहिला प्रश्न येतो, रेफरल (म्हणजे फॅमिली डॉक्टरने पुढे पाठवल्याची चिठ्ठी) आहे का? नाही म्हटलं की फोन तिथेच संपतो. मग वाटतं की आपल्याला मुद्दाम अडवतायत, पैसे वाचवतायत, आपलं दुखणं यांना खरं वाटत नाहीये. मलाही असंच वाटलं होतं आणि त्या रागात मी जवळजवळ एक वर्ष फॅमिली डॉक्टरकडे नीट बोललेच नाही, त्यात नुकसान माझंच झालं. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय, नवीन आलेल्यांनी ते एक वर्ष वाया घालवू नये.

आधी पद्धत काय आहे ते समजून घ्या. ब्रिटनमध्ये या डॉक्टरला जीपी म्हणतात, नेदरलँड्समध्ये हाउसआर्ट्स, नॉर्वेत फास्टलेगे, पण काम सगळीकडे साधारण एकच. कुठल्याही तक्रारीसाठी पहिलं दार त्यांचं, आणि हॉस्पिटलमधल्या तज्ज्ञाकडे जायची चिठ्ठी बहुतेक वेळा तेच देतात. काही ठिकाणी चिठ्ठीशिवाय स्पेशालिस्ट बघतच नाहीत आणि काही ठिकाणी बघतात पण पैसे तुमच्या खिशातून जातात. फ्रान्समध्ये २००४ च्या कायद्याने ही दुसऱ्या प्रकारची पद्धत आणली, म्हणजे आपल्या ठरलेल्या डॉक्टरमार्फत गेलात तर ठरलेल्या दराच्या ७० टक्के सरकारी विम्यातून परत मिळतात आणि परस्पर गेलात तर फक्त ३० टक्के. ऑस्ट्रेलियातही स्पेशालिस्टच्या फीवर मेडिकेअरचा, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य विम्याचा, परतावा हवा असेल तर रेफरल लागतंच. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात एवढं शोधून ठेवा की तुमच्या देशात चिठ्ठी नसेल तर दार बंद होतं की फक्त बिल वाढतं, दोन्हीत फार फरक आहे.

आणि हे असं का, तर त्याला पैशांपलीकडचं कारण आहे. अमेरिकेतल्या बार्बरा स्टारफिल्ड या डॉक्टरबाईंनी आयुष्यभर याच विषयावर संशोधन केलं. त्यांनी प्राथमिक आरोग्यसेवेचे चार गुण सांगितले: पहिला संपर्क तिथे, वर्षानुवर्षं तोच डॉक्टर, अख्ख्या माणसाकडे बघणं, आणि बाकी सगळ्या डॉक्टरांचा मेळ घालणं. यातला दुसरा मुद्दा मला सगळ्यात मोठा वाटतो. नॉर्वेत लाखो लोकांच्या नोंदी तपासून केलेला अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात १५ वर्षांहून जास्त काळ एकच फॅमिली डॉक्टर असलेल्यांमध्ये, त्या डॉक्टरकडे एकच वर्ष झालेल्यांच्या तुलनेत, तातडीने हॉस्पिटलमध्ये भरती व्हायचं आणि मृत्यूचंही प्रमाण साधारण पाव हिस्स्याने कमी दिसलं. दुसरी गोष्ट तपासण्यांची. डोकेदुखी घेऊन फॅमिली डॉक्टरकडे जाणाऱ्या माणसांत गंभीर आजार असलेले फार थोडे असतात, आणि अशा सगळ्यांचं सरसकट स्कॅनिंग केलं तर खऱ्या आजारापेक्षा भलत्याच निरुपद्रवी सावल्या जास्त सापडतात, मग त्या सावलीसाठी पुढची टेस्ट, मग त्याचा रिपोर्ट येईपर्यंतची काळजी. चाळणी आहे ती यासाठी. पण चाळणीतून कधीकधी खरं दुखणंही मागे राहतं हेही तितकंच खरं, आणि तसं होऊ नये म्हणून आपल्याला जे करता येतं ते खाली.

पायरी १: आजारी पडायच्या आधी नाव नोंदवा

सामान उघडलं की पहिल्या दोन आठवड्यांत हे काम उरका. ताप आल्यावर शोधायला गेलात तर जवळचे दवाखाने भरलेले निघतात, नवीन पेशंट घेत नाहीत, आणि तुम्ही फोन करत बसता. इंग्लंडमध्ये जीपीकडे नोंदणी करायला पत्त्याचा पुरावा किंवा व्हिसाची कागदं दाखवायची सक्ती नाही, रिसेप्शनने मागितली आणि तुमच्याकडे नसली तरी तेवढ्यावरून नाकारता येत नाही, हे बऱ्याच जणांना माहितीच नसतं. नेदरलँड्समध्ये राहायला आल्यापासून चार महिन्यांच्या आत तिथला आरोग्य विमा घ्यावा लागतो, शिवाय हाउसआर्ट्स स्वतः शोधून नोंदणी करायची असते ती वेगळी. नॉर्वेत एका वर्षात दोनदा डॉक्टर बदलता येतो, म्हणजे पहिली निवड चुकली तरी आभाळ कोसळत नाही.

नोंदणी झाल्यावर एक साधी अपॉइंटमेंट घ्या आणि जुनं सगळं सांगा. चालू औषधं (कंपनीचं नाव नको, आतल्या औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम), झालेली ऑपरेशनं, अ‍ॅलर्जी, आईवडिलांना साठीच्या आत हार्ट अटॅक, कॅन्सर किंवा डायबेटिस झाला असेल तर ते. जुन्या रिपोर्टांची जाडजूड फाइल टेबलवर ठेवू नका, ती वाचायला कुणालाच वेळ नसतो, एक पान करा आणि तेच द्या, ते त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये चढतं आणि पुढच्या चिठ्ठ्या लिहिताना कामाला येतं.

पायरी २: कुठल्या वेळी चिठ्ठीची वाटच बघायची नाही

हे आधीच सांगते कारण यात चूक झाली तर भरून निघत नाही. छातीत दाबल्यासारखं दुखणं, तोंड एका बाजूला वाकडं होणं किंवा बोलणं अडखळणं, हात उचलता न येणं, श्वास लागणं, न थांबणारा रक्तस्राव, आत्महत्येचे विचार, यासाठी फॅमिली डॉक्टरची परवानगी लागत नाही, सरळ इमर्जन्सी नंबर. युरोपियन युनियनमध्ये ११२, ब्रिटनमध्ये ९९९, नॉर्वेत अ‍ॅम्ब्युलन्ससाठी ११३, ऑस्ट्रेलियात ०००, कॅनडात ९११. पाठदुखीबरोबर दोन मांड्यांच्या मधला, बैठकीचा भाग बधिर झाला किंवा अचानक लघवी होईनाशी झाली तर तेही त्याच दिवशी हॉस्पिटलचं काम आहे, उद्यावर ढकलायचं नाही.

मधल्या प्रकारासाठी, म्हणजे रात्री अकराला मुलाचा ताप उतरत नाहीये पण मूल हसतंय खेळतंय अशा वेळी, वेगळा नंबर असतो. ब्रिटनमध्ये १११, नॉर्वेत ११६११७, नेदरलँड्समध्ये भागातलं हाउसआर्ट्सेनपोस्ट (रात्री आणि सुट्टीच्या दिवशी चालणारा फॅमिली डॉक्टरांचा दवाखाना), तिथे आधी फोन करून मगच जायचं. हे नंबर आत्ताच मोबाइलमध्ये सेव्ह करा.

पायरी ३: चिठ्ठीशिवाय उघडी असलेली दारं बघून घ्या

सगळंच फॅमिली डॉक्टरमार्फत जात नाही. डेन्मार्कमध्ये बहुतेक सगळे लोक सरकारी आरोग्यसेवेच्या गट १ मध्ये, म्हणजे आधी फॅमिली डॉक्टर या नियमाखाली, असतात, पण त्यांनाही डोळ्यांच्या आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे थेट जाता येतं. नेदरलँड्समध्ये २००६ पासून फिजिओथेरपिस्टकडे थेट जाता येतं. इंग्लंडमध्ये नैराश्य किंवा अतिकाळजीसाठीची बोलण्यातून होणारी थेरपी, गुप्तरोगांची तपासणी, गरोदरपणासाठी मिडवाइफ, या सगळ्यांकडे स्वतःहून नाव देता येतं आणि बऱ्याच भागांत फिजिओकडेही. फ्रान्समध्ये स्त्रीरोगतज्ज्ञ, डोळ्यांचे डॉक्टर आणि दातांचे डॉक्टर त्या कमी परताव्याच्या नियमातून वगळलेत. तुमच्या देशाची अशी यादी सरकारी आरोग्य वेबसाइटवर असते, ती एकदा वाचली की निम्मे खेटे वाचतात.

पायरी ४: रिसेप्शनवर काय झालंय ते सांगा

इथे बरेच लोक बिथरतात. फोन केला की रिसेप्शनिस्ट विचारते काय होतंय, आणि आपल्याला वाटतं हिला कशाला सांगायचं, ही काय डॉक्टर आहे. मग आपण म्हणतो "जरा बरं नाही" आणि मिळते तीन आठवड्यांनंतरची अपॉइंटमेंट. ती तुमची चौकशी करायला विचारत नसते, आज बघायचं, आठवड्यात बघायचं, नर्स पुरेल का फार्मासिस्ट, ते ठरवायचं असतं म्हणून विचारते. दोन वाक्यं पुरतात: काय, कधीपासून, आणि वाढतंय का. "डाव्या पोटरीत चार दिवसांपासून दुखतंय, कालपासून ती सुजलीय आणि गरम लागतेय" असं सांगितलं तर त्याच दिवशी बोलावतील, कारण ती रक्ताची गुठळी असू शकते, आणि "पाय दुखतोय" म्हटलं तर नाही बोलावणार. अगदीच खाजगी असेल तर "खाजगी आहे, डॉक्टरांनाच सांगेन, पण तातडीचं आहे" एवढं म्हणायला काहीच हरकत नाही. भाषेची अडचण असेल तर फोनवरच दुभाषा मागा, इंग्लंडमध्ये तो मोफत असतो. मुलांना दुभाषा करू नका, आईच्या पाळीबद्दल किंवा बाबांच्या लघवीबद्दल बारा वर्षांच्या मुलाने का सांगावं?

पायरी ५: त्या दहा मिनिटांत काय बोलायचं

माझ्या मते सगळं इथे ठरतं, म्हणून यावर जरा जास्त लिहिते.

माझा उजवा खांदा दुखत होता. पहिल्यांदा गेले, सांगितलं खांदा दुखतो, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. दुसऱ्यांदा गेले, सांगितलं अजून दुखतो, गोळ्या बदलल्या. मी घरी येऊन चिडचिड केली की हा माणूस स्पेशालिस्टकडे पाठवतच नाही. तिसऱ्या वेळी जाताना माझ्या एका मैत्रिणीने, ती नर्स आहे, मला खुर्चीत बसवून लिहायला लावलं. कागदावर हे होतं: ११ आठवडे झाले. रात्री उजव्या कुशीवर वळलं की जाग येते, रोज, साधारण तीनच्या सुमाराला. केस विंचरताना हात कानाच्या वर जात नाही. पाठीमागे हात नेऊन हुक लावता येत नाही, डाव्या हाताने लावते. पडले नाही, मार लागला नाही. गोळीने दोन तास बरं वाटतं. आणि शेवटी मला कशाची भीती वाटतेय ते, की हात कायमचा असाच राहील.

डॉक्टरांनी तो कागद वाचला, मग माझा हात स्वतः धरून उचलायचा प्रयत्न केला, बाहेरच्या बाजूला फिरवून बघितला. तो त्यांच्याही हाताने फिरेना. ते म्हणाले हा फ्रोझन शोल्डर दिसतोय, आणि त्याच बैठकीत फिजिओला आणि हाडांच्या विभागाला पत्र टाकलं. वर रक्तातली साखर तपासायला सांगितली, कारण डायबेटिस असणाऱ्यांत हा खांद्याचा त्रास जास्त दिसतो. साखर सीमेवर निघाली. मी थेट हाडांच्या डॉक्टरकडे गेले असते तर खांद्याचं झालं असतं, साखरेचं कदाचित राहून गेलं असतं. पहिल्या दोन वेळा त्या डॉक्टरांनी मला अडवलं नव्हतं, मी त्यांना पुढे पाठवण्यासारखं काही दिलंच नव्हतं.

तर असा कागद करा. कधीपासून, कुठे, किती वेळा, कशाने वाढतं, कशाने कमी होतं, आणि त्यामुळे रोजचं कोणतं काम अडलंय. हे शेवटचं विसरू नका, "खूप दुखतं" पेक्षा "जिना उतरताना कठडा धरावा लागतो" हे डॉक्टरला जास्त सांगतं. वजन आपोआप उतरतंय, रात्री घामाने कपडे भिजतायत, शौचातून रक्त जातंय, नवीन गाठ लागतेय, यातलं काहीही असेल तर ते पहिल्या वाक्यात सांगा. इंग्लंडमध्ये अशा लक्षणांवरून कॅन्सरची शंका असेल तर वेगळं तातडीचं रेफरल होतं, आणि २८ दिवसांत कॅन्सर आहे का नाही हे पेशंटला कळावं असं उद्दिष्ट आहे.

आपल्याकडे ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय असते. सर्दीचं कारण सांगून जायचं, आठ मिनिटं सर्दीवर बोलायचं आणि उठता उठता दाराशी म्हणायचं, अजून एक, छातीत गाठ लागतेय. तोपर्यंत पुढचा पेशंट बाहेर उभा असतो. लाजेचं जे आहे ते आधी बोला, सर्दी नंतर. दोन-तीन तक्रारी असतील तर अपॉइंटमेंट घेतानाच डबल वेळ मागा, बऱ्याच ठिकाणी मिळते.

आणि "मला एमआरआय पाहिजे" अशी सुरुवात नका करू. त्याने बोलणं एमआरआय द्यायचा का नाही यावर अडकतं आणि दुखणं बाजूला राहतं. त्यापेक्षा "मला भीती वाटते की हे अमुक असेल, माझ्या वडिलांना तेच झालं होतं" असं सरळ सांगा, मग डॉक्टरला त्या भीतीचं उत्तर द्यावं लागतं, तपासून किंवा समजावून.

पायरी ६: "थांबून बघू" म्हणाले तर

पुष्कळदा हेच उत्तर मिळतं आणि बरेचदा ते बरोबरच असतं, साधी कंबरदुखी काही आठवड्यांत आपोआप कमी होते. पण थांबायचं म्हणजे किती हे विचारल्याशिवाय उठू नका. तीन प्रश्न विचारा: किती दिवस थांबू? या काळात काय झालं तर लगेच यायचं? आणि तेवढ्या दिवसांत बरं वाटलं नाही तर पुढची पायरी काय? उत्तरं तिथेच मोबाइलवर टाइप करा. मग दिलेल्या तारखेला खरंच परत जा, दुखणं अंगावर काढू नका. डॉक्टरने सहा आठवडे सांगितले आणि तुम्ही सहा महिन्यांनी गेलात तर त्यांच्या नोंदीत दिसतं की पेशंट परत आला नाही, म्हणजे बरं वाटलं असणार.

परत जाऊनही पटत नसेल तर भांडायची गरज नाही, पण गप्पही बसू नका. "तुम्हाला हे काय वाटतंय आणि कशावरून, आणि कुठल्या परिस्थितीत तुम्ही मला पुढे पाठवाल" हे विचारा. त्याच दवाखान्यातल्या दुसऱ्या डॉक्टरची अपॉइंटमेंट मागा, त्यात कुणाचा अपमान होत नाही. इंग्लंडमध्ये २०२५ पासून जीपींना स्पष्ट सूचना आहे की त्याच तक्रारीसाठी पेशंट तीनदा आला आणि निदान झालं नाही किंवा त्रास वाढतोय तर सगळं पुन्हा नव्याने तपासायचं. आणखी एक मधली वाट आहे ती कमी लोकांना माहिती असते, फॅमिली डॉक्टर स्पेशालिस्टला लेखी प्रश्न विचारून सल्ला घेऊ शकतात, तुम्ही न जाता. इंग्लंड आणि नेदरलँड्समध्ये हे नेहमी होतं. त्वचेवरच्या डागाचा फोटो पाठवून असं उत्तर येऊ शकतं, महिनोन्‌महिने रांगेत थांबण्यापेक्षा बरं. तेव्हा सरळ विचारा, "त्यांचा सल्ला तरी घेता येईल का?"

पायरी ७: चिठ्ठी निघाली, आता तिच्या मागे राहा

ही पायरी मी चुकवली होती. एकदा डॉक्टर म्हणाले पत्र पाठवतो, मी घरी येऊन वाट बघत बसले, सहा आठवड्यांनी फोन केला तर कळलं पत्र भलत्याच विभागात जाऊन पडलंय. कुणी मुद्दाम केलं नव्हतं, पण ते सहा आठवडे गेले ते गेलेच, रांगेत माझा नंबर फोन केल्या दिवसापासून लागला.

तेव्हापासून मी खोलीतून निघायच्या आधी विचारते: कुठल्या विभागाला, नॉर्मल की अर्जंट, आज जाणार का, आणि मला कॉपी मिळेल का. कॉपी आली की वाचा. औषधं, अ‍ॅलर्जी, कुठली बाजू, डावी-उजवीसुद्धा, तपासा. दोन आठवड्यांत हॉस्पिटलकडून काहीच आलं नाही तर आधी हॉस्पिटलच्या अपॉइंटमेंट विभागाला फोन, मग दवाखान्याला. रांग किती असते तर इंग्लंडमध्ये रेफरलपासून उपचार सुरू होईपर्यंत १८ आठवडे असं उद्दिष्ट आहे, पण बरीच वर्षं ते पूर्ण झालेलं नाही, म्हणजे जास्त लागू शकतात हे धरून चाला. तिथे पहिल्या अपॉइंटमेंटसाठी हॉस्पिटल निवडायचा हक्क पेशंटला आहे, थोडं लांबचं चालत असेल तर कुठे रांग लहान आहे ते विचारा, कधीकधी एका तासाच्या प्रवासात दोन महिने वाचतात. रांगेत असताना त्रास वाढला तर फॅमिली डॉक्टरला कळवा, पत्र अर्जंट करता येतं, पण तुम्ही सांगितल्याशिवाय त्यांना कसं कळणार.

पैशांचंही याच वेळी बघा. नेदरलँड्समध्ये हाउसआर्ट्सकडे जाणं फुकट धरलं जातं पण त्यांनी लिहून दिलेली रक्ततपासणी आणि हॉस्पिटलमधला स्पेशालिस्ट हे आधी तुमच्या वार्षिक स्वखर्चातून (विमा पैसे द्यायला लागण्याआधी दरवर्षी आपण स्वतः भरायची रक्कम) जातं, ती रक्कम २०२५ मध्ये ३८५ युरो होती. ऑस्ट्रेलियात फॅमिली डॉक्टरची चिठ्ठी साधारण १२ महिने चालते, एका स्पेशालिस्टने दुसऱ्याकडे दिलेली फक्त ३ महिने, त्यामुळे लांबचा आजार असेल तर चिठ्ठी कधी संपते ती तारीख कॅलेंडरमध्ये टाका.

पायरी ८: स्पेशालिस्टकडून परत

स्पेशालिस्टकडे जाताना तोच कागद घेऊन जा, फक्त अपडेट करून. तिथे जे ठरतं त्याचं पत्र फॅमिली डॉक्टरकडे परत जातं, आणि पुढची औषधं, रक्ततपासण्या बहुतेक फॅमिली डॉक्टरच बघतात. म्हणून स्पेशालिस्टला निघताना विचारा, यापुढे मला कोण बघणार, तुम्ही का ते? तुमची इथली फाइल बंद झाली का उघडी आहे? बंद झाली असेल आणि त्रास परत आला तर पुन्हा चिठ्ठी लागेल का थेट फोन चालेल, हेही. काही विभाग ठराविक महिने थेट परत यायची मुभा देतात, ती मागितली तर लिहून देतात.

दोन आठवड्यांनी फॅमिली डॉक्टरच्या अ‍ॅपवर किंवा फोन करून बघा की पत्र पोचलं का. नसेल तर तुमच्याकडची कॉपी पाठवा. आणि नवीन गोळी सुरू झाली असेल तर ती त्यांच्या यादीत चढलीय का आणि जी बंद करायला सांगितली ती यादीतून निघालीय का, हे स्ट्रिपमध्ये निदान आठवडाभराच्या गोळ्या शिल्लक असतानाच तपासा.